फीतवाले आले आणि मी उंबऱ्यात बसले

आज सकाळी सगळ्यात आधी पळत आली ती शेजारची शोभा. हातात उलथनं तसंच! म्हणाली, "मावशी, दोन माणसं फीत घेऊन गल्लीत शिरलीत. मापं घेतायत!"

बायांनो, आमच्या चाकणच्या वस्तीत फीत दिसली की घर गेलंच समजायचं. रस्ता रुंद करायला पलीकडची गल्ली अशीच मोजली होती, आणि आठवड्यात पत्रे उतरवले. मी आपली उंबऱ्यातच मांडी घालून बसले. डॉक्टर म्हणतात खाली बसू नका, गुडघे जातील. पण आज कोण ऐकतंय!

त्यांच्यातली पोरगी म्हणाली, "आजी, जरा सरका ना, माप घ्यायचंय."

"आधी मला उचल, मग घे माप!"

ती हसायलाच लागली. "अहो आजी, घर नाही मोजत. पाइप किती लागेल ते बघतोय. तुमच्या दारात नळ येणार आहे."

"कागद दाखव," शोभा म्हणाली. त्या पोरीनं दाखवला. माझ्या नातीनं, पूजानं, तो दोनदा वाचला आणि माझ्या गळ्यातच पडली. बारावीचं वर्ष पोरीचं, आणि रोज सकाळचे दोन तास टँकरच्या रांगेत जातात.

मग काय, मीच उठून फितीचं टोक धरलं! दोघांना चहा पाजला, आनंदात साखर जरा जास्तच पडली.

तुमच्या दारात नळ आला तेव्हा पहिलं काय भरलंत गं? आमच्याकडे पाइप घेऊन सोमवारी येतो म्हणालेत.