मागच्या खोलीतला वर्ग

मोहिनी गावित सुरगाण्याच्या डोंगरातली. घरची भात-नागलीची शेती. डी.एड.ला नाशकात आलेली आपल्या पाड्यावरची ती पहिलीच मुलगी. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. वसतिगृहातल्या मुली तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या, तर ही त्यांनाच शिकवायला बसायची, "असं नाय गं, जरा लांबवून म्हण!" चिडतच नाही अशा मुलीला चिडवून करायचं काय? महिन्याभरात सगळ्या तिच्या मैत्रिणी झाल्या.

पुढे ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली. वर्गात कधी म्हणून खुर्चीवर बसली नाही. पोरांच्या मधोमध सतरंजीवर फतकल मारायची. पोरांना ती बाई कमी आणि मावशी जास्त वाटायची.

दोन हजार नऊच्या ऑगस्टमध्ये पुण्याहून स्वाइन फ्लूच्या बातम्या येऊ लागल्या. नाशकातही शाळा आठवडाभर बंद राहिल्या. उघडल्या तेव्हा जो तो रुमालात कापूर-वेलची बांधून हुंगत होता. गंगापूर रोडला तेव्हा इमारती उठत होत्या, आणि त्यांवर कामाला आलेल्या पेठ-सुरगाण्याच्या मजुरांची पोरं याच शाळेत होती. काही पालकांनी मुख्याध्यापक वेणीमाधव गर्गे सरांना घेरलं, "ती पोरं आमच्या मुलांशेजारी नकोत. रोग आणतात."

गर्गे सर तसे भले, पण भित्रे. त्यांनी त्या चाळीसेक पोरांना मागच्या खोलीत हलवलं. तिथे खिचडीच्या तांदळाची पोती आणि मोडके बाक पडलेले. खिडकी एकच, तीही गंजून बसलेली.

"गावितबाई, तुम्ही घ्या तो वर्ग," सर म्हणाले. शेजारी बसलेल्या शिक्षिका संध्या क्षेमकल्याणी हसून म्हणाल्या, "तुमचीच माणसं. तुम्हाला बरं जमेल."

मोहिनीला ते बोलणं टोचलं, पण गिळलं तिने. शिवाय पोरं आवडती. डोंगरातल्या बोलीत गाणी म्हणण्यात, गोष्टी सांगण्यात दोन-तीन दिवस मजेत गेले. खोली मात्र कोंदट. एक शिंकला की सगळ्यांच्या अंगावर. इतर शिक्षकांना मास्क मिळाले होते. मागच्या खोलीपर्यंत ते पोचलेच नाहीत.

मग एका सकाळी चौथीतल्या चिमणाने विचारलं, "बाई, आपल्यालाच का हितं बसवलं?"

आपल्याला! पोरीने बाईंनाही त्यातच धरलं होतं. मोहिनीने हातातला खडू खाली ठेवला. इतके दिवस तिने स्वतःला हे विचारलंच नव्हतं.

ती तडक कार्यालयात गेली. तिथे संध्याबाई उभ्या होत्या, डोळे भरलेले. त्यांना सातवा महिना, आणि फाटकावर रोज शेकडो मुलांचा ताप बघायची पाळी त्यांचीच. "ड्यूटी सगळ्यांनाच आहे," सर सांगत होते.

"सर, फाटकावर मी उभी राहते," मोहिनी म्हणाली. "पण माझी पोरं आपापल्या वर्गात बसतील. ज्याला ताप, तो घरी. मग ते पोर मजुराचं असो की साहेबाचं. हा आजार पुण्या-मुंबईकडून आलाय, सर. आमच्या डोंगरात अजून बसही नीट येत नाय, तो कुठून येणार?"

"पालक ऐकत नाहीत हो, बाई."

"मग त्यांच्याशी मी बोलते. त्या खोलीत मात्र आता मीही जायची नाय."

संध्याबाईंनी डोळे पुसले. "मला त्या दिवशी तसं बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या, आणि सरांकडे वळल्या, "यांचं ऐका सर. नाहीतर मीही वर्गावर जाणार नाही."

दोघी व्हरांड्यात जाऊन बसल्या. मागच्या खोलीतली पोरंही वाऱ्याला येऊन बसली. दुपारपर्यंत आणखी तीन शिक्षिका येऊन टेकल्या, झाडलोट करणाऱ्या कलाबाईही. कलाबाईंनाही कुणी मास्क दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पालक तावातावाने आले. मोहिनीने त्यांना ती खोली उघडून दाखवली. "तुमचं लेकरू इथं बसवाल?" एवढंच विचारलं. काही जण पुटपुटत गेले, एकाने मुलाचं नाव शाळेतून काढलं. बाकीचे मुलांना शाळेतच ठेवून घरी गेले.

गर्गे सरांनी अखेर मान तुकवली. पोरं आपापल्या वर्गात गेली, सगळ्या खिडक्या उघडल्या, कलाबाईंसकट सगळ्यांना मास्क मिळाले. पालकांसमोर आपली शोभा झाली, हे मात्र सर विसरले नाहीत; मोहिनीशी ते वर्षभर कामापुरतंच बोलले. तिला त्याचं वाईट वाटायचं, पण ती रोज वाकून "नमस्कार सर" म्हणायचीच.

दिवाळीनंतर संध्याबाईंच्या मुलीचं बारसं झालं. नवऱ्याला बहीण नव्हती, म्हणून आत्याचा मान त्यांनी मोहिनीला दिला. मोहिनी नवं लुगडं नेसून, पाळण्यावर वाकून, बाळाच्या कानात "कुर्र" करून म्हणाली, "वल्लरी!"

आता बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. क्षणभर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मोहिनी वाकूनच होती. मग संध्याबाईंच्या सासूबाई पदर खोचून पुढे झाल्या आणि त्यांनी पहिला धपाटा असा सणसणीत हाणला, की बाळ दचकून रडायला लागलं.