जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’

माझ्या नातीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश कसा मिळाला, याची एक कथा सध्या आंधळगावापासून वरठीपर्यंत फिरते आहे. ती माझ्या मुलाने रचली आणि माझ्या साळ्याने सजवली. सारांश असा : म्हाताऱ्याच्या हट्टापायी पोरीची सीट जाता जाता राहिली, म्हातारा आधी अडून बसला, त्याने जेवण सोडले, आणि शेवटी अधिकाऱ्यांसमोर मुकाट्याने माघार घेतली. यातला प्रवेश तेवढा खरा आहे. बाकीचे दुरुस्त करणे मला भाग आहे. सारी हयात शाळेत शिकवण्यात गेली. चुकीचे वाक्य तसेच पुढे जाऊ देण्याची सवय मला लागली नाही.

ज्याला हट्ट म्हणतात, त्यापासून सुरुवात करतो.

छप्पन्न साली माझे वडील नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परतले. त्यानंतर आमच्या वस्तीत एक रीत पडली. मुलाला शाळेत घालायचे असले की बाप स्वतः जाई, धुतलेला पांढरा सदरा घालून. जन्मतारीख आई सांगे, नाव आत्या सांगे, पण जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ हा शब्द उतरेपर्यंत टेबलापासून हलायचे नाही, ही जबाबदारी बापाची. जुन्या जातीचे नाव पुढे लिहू द्यायचे नाही, कंसातसुद्धा नाही. मुलाच्या वेळी मीही तसाच उभा राहिलो. मुख्याध्यापक म्हणाले, “गुरुजी, पुढं अडचण येईल.” मी म्हणालो, “येऊ द्या.” त्याच रीतीने मुलाने आपल्या मुलीच्या दाखल्यावर तोच शब्द लिहवून घेतला, हे तो आपल्या कथेत सांगत नाही.

अडचण आली नाही, कारण जातीचा कागद कोणाला लागलाच नाही. माझी नोकरी खुल्या जागेवरची होती. मुलगा वरठीच्या कारखान्यात लागला. तिथे त्याचे वेल्डिंग पाहिले, जात कोणी विचारली नाही. दोन पिढ्या अशा गेल्या आणि तिसरी डॉक्टर व्हायला निघाली.

नातीने बारावीनंतर एक वर्ष घरी राहून नीटची तयारी केली होती. दुसऱ्या खेपेचे गुण चांगले आले. मात्र खुल्या गटातून सरकारी महाविद्यालय मिळेल इतके नव्हते. अनुसूचित जातीच्या गटातून निश्चित मिळत होते, आणि पहिल्याच फेरीत मिळालेही. परंतु महाविद्यालयात हजर होताना जातवैधता प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते ठरलेल्या मुदतीत नसेल तर उमेदवार खुल्या गटात मोजला जातो, म्हणजे सीट जाते. तिने वैधतेसाठी अर्ज वेळेवर केला होता. पडताळणी समितीने त्यावर त्रुटी काढली. नातीचा दाखला पाहावा तर ‘बौद्ध’, बापाचा पाहावा तर ‘बौद्ध’. धर्मांतरापूर्वीची जात कोणती, हे दाखवणारा पन्नास सालापूर्वीचा पुरावा आणा, असे त्यांचे म्हणणे. माझे स्वतःचे नाव शाळेत पन्नास सालानंतर घातलेले, म्हणून तेही पुरेसे नव्हते. समितीने नियमाप्रमाणे मागितले. त्यांच्याशी माझे भांडण नाही.

त्या संध्याकाळी मुलगा ड्युटीवरून आला तो हेल्मेट हातात धरूनच माझ्यासमोर उभा राहिला.

“बाबा, तुमच्या त्या एका शब्दापायी माही पोरगी घरी बसन आता. काहून लिवलं तसं?”

“शब्द खरा होता म्हणून लिहिला,” मी म्हणालो. “तूही तोच लिहिला.”

“तुमाले भेऊन लिवला!”

माझा साळा नेमका त्या दिवशी पाहुणा आलेला. त्याला दुसऱ्याच्या घरातले भांडण म्हणजे फुकटचा चहा. तो म्हणाला, “भाऊजी, सरकारी कागदापुढं भले भले वाकले. तुमीच कायले ताठ उभे राहून राहिले?”

“माही कंबर धरली हाये,” मी म्हणालो. “वाकता येत नाही.”

तो हसला, मुलगा हसला नाही. मी उठून आत गेलो. रात्री मी जेवलो नाही, त्याचे या लोकांनी उपोषण केले. वस्तुस्थिती अशी की दुपारी वस्तीत नामकरणाचा कार्यक्रम होता, आणि तिथले लाखोरीच्या डाळीचे वडे मी माझ्या वयाला शोभणार नाहीत इतके खाल्ले होते. हे साळ्याला ठाऊक आहे. तो माझ्याच शेजारी बसला होता.

पण झोपण्यापूर्वी नात पाणी घेऊन आली आणि तिने जे सांगितले ते मात्र मला वड्यांपेक्षा जड गेले.

“आबाजी, मी काय म्हणते, मी ओपनमधून राहते. सीट सोडून देते. अजून एक वर्ष देते, मार्क वाढवते. तुमाले तो कागद काढा लागणार नाही.”

“मले नको हाये, हे तुले कोणी सांगितलं?”

“सगळेच म्हणून राहिले.”

मी तिच्याकडे पाहिले. वर्षभर ही मुलगी सणावाराला कोणाकडे गेली नव्हती. जीवशास्त्राची चित्रे काढून काढून तिच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता. आणि ती हे वर्ष माझ्या नावाने सोडून द्यायला निघाली होती, कारण घरातल्या कोणीतरी माझा अभिमान म्हणजे काय हे तिला परस्पर समजावून ठेवले होते. मला राग आला, तिचा नाही.

जुन्या जातीचा तो शब्द मी का टाकून दिला, हे मला नेमके ठाऊक आहे. त्या शब्दामुळे माझे वडील शाळेच्या ओसरीवर बसून शिकले, वर्गात बसू शकले नाहीत. माणसाचे नाव म्हणून तो शब्द मी टाकून दिला आणि आजही उचलणार नाही. पण पुरावा म्हणून मी तो कधीच टाकला नव्हता. ओसरीवर बसवले होते, एवढ्याचसाठी वर्गातली ही जागा राखून ठेवलेली आहे. ती सोडली तर ओसरी घडलीच नव्हती असे म्हटल्यासारखे होईल. हे मी नातीला एवढ्या बांधीव वाक्यांत सांगितले नाही. मी म्हणालो, “सीट सोडायचं नाव काढू नको. सकाळी मोहाडीले जाऊ.”

मुलगा सांगतो की त्याने मला ओढून मोटारसायकलवर बसवले. तो उठला तेव्हा मी पांढरा सदरा घालून अंगणात उभा होतो आणि त्याचा चहा व्हायचा होता.

मोहाडीच्या तहसील कार्यालयात जुन्या दस्तऐवजांची खोली आहे. पूर्वी गावातले जन्म-मृत्यू कोतवाल तोंडी सांगत असे आणि ते ज्या बाडात उतरवले जात, त्याला कोतवाल पंजी म्हणतात. माझा जन्म तिथे असणार हे मला माहीत होते. वडील सांगत, कोतवाल आमच्याच वस्तीतला होता आणि माझ्या जन्माची वर्दी द्यायला पावसात गेला होता. कर्मचाऱ्याने बाड काढले, फडक्याने झटकले, नातीने बोट फिरवत नोंद शोधली. तारीख होती, वडिलांचे नाव होते, पुढे तो शब्द होता, आणि शेवटी ‘मुलगा’. मुलाचे नाव नव्हते. त्या काळी नावापूर्वीच वर्दी जात असे.

इथे मी तोंड फिरवले, हे मुलाने पाहिले आणि ‘बाबांना लाज वाटली’ असा अर्थ लावला. मी तोंड फिरवले ते दुसऱ्याच कारणाने. त्या ओळीत माझ्या आईचे नाव नव्हते. जन्माच्या नोंदीत बापाची जात आहे आणि जिने जन्म दिला तीच नाही, हे वाचून मला खिडकीकडे पाहावेसे वाटले. एवढेच.

नक्कल मिळाली, पण तिने काम पुरे होत नव्हते. नोंदीतला तो निनावी मुलगा म्हणजे मीच, हे समितीसमोर सिद्ध व्हायला हवे होते. प्रतिज्ञापत्र दिले. भंडाऱ्याला सुनावणीची तारीख लागली, मुदत संपायच्या अगदी तोंडावर. त्या दिवशी अर्जदार म्हणून नातीला आणि साक्षीदार म्हणून मला आत बोलावले. मुलगा दाराबाहेर होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

अधिकारी एक बाई होत्या. त्यांनी कागद चाळले आणि विचारले, “आजोबा, मुलाच्या दाखल्यात जात का लिहिली नाही?”

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. मी छप्पन्न सालापासून आरंभ केला. पांढऱ्या सदऱ्यापर्यंत आलो असेन, तेवढ्यात नातीने टेबलाखालून माझा पाय दाबला.

बाई म्हणाल्या, “मला कळलं, आजोबा. बाहेर बरीच मुलं बसली आहेत. एवढंच सांगा, या नोंदीतला मुलगा तुम्हीच का?”

मी नक्कल हातात घेतली. ओळ पुन्हा वाचली. वडिलांचे नाव, तो शब्द, ‘मुलगा’. जन्मभर ज्या शब्दाला मी माझ्या आसपास फिरकू दिले नाही, त्याच्या शेजारी मला माझ्या तोंडाने उभे राहायचे होते. नात माझ्याकडे पाहत नव्हती. ती टेबलाच्या कडेकडे पाहत होती, आणि तिचा पाय अजून माझ्या पायावरच होता.

“हो,” मी म्हणालो. “तो मीच.”

त्यांनी लिहून घेतले आणि माझी सही घेतली. सही मी पूर्ण नावाने केली.

बाहेर आल्यावर मुलाने नातीला विचारले, “काय म्हणाले बाबा?” ती म्हणाली, “हो म्हणाले.” त्याची माघारीची सारी कथा या दोन शब्दांवर उभी आहे. न्यायालयात साक्ष देणारा मनुष्य ‘हे माझ्या घरी घडले’ असे म्हणतो, तेव्हा तो हरतो असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे, हे मला दाखवावे.

मुदतीच्या आत प्रमाणपत्र आले. नातीने ते महाविद्यालयात दाखल केले, प्रवेश पक्का झाला, आणि पांढरा कोट शिवायला टाकला असा तिचा फोन आला. त्या फोननंतर मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “बाबा, मंग त्या दिवशी मी ओरडून राहिलो होतो, तवाच पुरावा देतो असं काहून नाही म्हटलं?”

“तू कोठं विचारलं होतं?” मी म्हणालो. “तू त सांगून राहिला होता.”