बिनमिठाचे आबा

खानदेशात राहून मीठ, मिरची आणि राग या तिघांशीही एकदम काडीमोड घेणारा माणूस सबंध जिल्ह्यात एकच झाला: रनाळ्याचे आबा, माझ्या मावसबहिणीचे सासरे. नंदुरबारच्या डॉक्टरांनी बीपी वाढल्याचं सांगून रोजची गोळी लिहून दिली, वर मीठ कमी करा, चाला, चिडू नका, असंही बजावलं. आबांनी सल्ल्याचा दुसरा भाग उचलला आणि गोळीची चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावरच ठेवली. "गोयी एकदा घरमा शिरनी, का मानूस मरस तवयच ती बाहेर निंघस," असं त्यांचं म्हणणं.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. पहाटे शेताच्या रस्त्याने ते असे सुटत, की दावं तोडून पळालेला बैल धरायला निघालेत असं वाटून लोक मदतीला धावत. लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी ते पेल्यातल्या पाण्यात खळबळून खात. शेजारचा माणूस आपलं जेवण विसरून बघत राही. राग आला की तोंडात पाण्याची गुळणी धरून बसायचं, हा त्यांचा स्वतःचा शोध. ग्रामसभेत टाकीच्या जागेवरून भांडण पेटलं तेव्हा आबा गाल फुगवून असे गप्प राहिले, की त्यांचा होकारच धरून ठराव मंजूर झाला! मुलाने सुरतेहून बीपीचं यंत्र आणलं होतं. आल्यागेल्याला चहाआधी आकडा ऐकावा लागे. आणि आकडा खरोखरच उतरत होता.

हे सगळं चालायचं ते जिजींच्या जिवावर. जिजी म्हणजे आबांची बायको. घरादाराची भाजी वेगळी, आबांची वेगळी. आबांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या नंतर निजायचं. दुपारी डोक्याला फडकं आवळून बसलेलं मी त्यांना कितीदा पाहिलं. विचारलं की म्हणायच्या, "काही नही रे भाऊ, पित्त शे."

गेल्या उन्हाळ्यात भाकरी थापताथापता त्या चुलीपुढेच कलंडल्या. नंदुरबारला नेईपर्यंत उजवी बाजू गेली होती, वाचाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांचं बीपी किती असायचं?"

आबांना स्वतःचे सगळे आकडे तोंडपाठ होते. जिजींच्या दंडाला त्या यंत्राचा पट्टा कधी लागलाच नव्हता. "तिले तं काहीच नव्हतं," एवढंच ते म्हणाले. दोन दिवसांत जिजी गेल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा आबा भिंतीला टेकून बसले होते. लोक येत, जिजींच्या आठवणी काढत. आबा ऐकत नव्हते. येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला त्यांचा एकच प्रश्न होता. काहींना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

माझा हात धरून म्हणाले, "तुन्ही बायकोनं बीपी मोजेल शे का?"

"नाही, आबा."

"मंग आठे काय करी ऱ्हायना? जाय घर."

मी उठलो. बाहेर अंगणात, माझ्या आधी हाकललेली दोन माणसं अजून चपला शोधत होती.