रागाचं प्रात्यक्षिक

"काका, रागवा ना! असं नाही, खरोखर!"

ट्रेनिंगवाल्या मॅडम सांगत होत्या. द्रोणागिरीतलं आमचं गोदाम, त्याची कॅन्टीन. पंधरा सुपरवायझर खुर्च्यांवर. मी उभा. विषय: माजी सैनिकांना कामावर कसं सांभाळायचं. माजी सैनिक म्हणजे मी. नमुना. मी भडकायचं, माझ्या सुपरवायझरने गोड बोलून शांत करायचं.

मी ओरडलो. नळाला पाणी आलंय हे घरात सांगतो, तेवढाच आवाज निघाला.

"काय काका, बॉर्डरवर पण असंच ओरडायचात? दुश्मन हसूनच मेला असेल!" सुपरवायझर म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. हे मुद्दाम लिहितोय. मीही हसलो.

मग त्याने माझी पाठ थोपटली. "शांत, काका, शांत." बैलाला थोपटतात तशी. टाळ्या. आणि मी टाचा जुळवून म्हणालो, "थँक यू, सर." माझ्या पोरीपेक्षा जेमतेम आठ वर्षांनी मोठा तो.

फौजेत मी हवालदार. हाताखाली चाळीस जवान. इथे खोकी उचलतो. सुपरवायझरच्या जागेसाठी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं, सिव्हिलियन माणसं हाताळायचा अनुभव नाही.

शिरवण्यात घरी येऊन बायकोला सांगितलं, "आज साहेबांना ट्रेनिंग दिलं." तिने लगेच बहिणीला फोन लावला. "अगं, आमचे हे साहेबांना शिकवतात!" मी ऐकत बसलो. वर चहाही मागितला.

तेवढ्यात कामाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. माझा मोबाइल पोरीच्या हातात. थोपटणं, टाळ्या, टाचा. तिघांनी पाहिलं.

"अहो, हे शिकवणं होय?" बायको एवढंच म्हणाली. पोरीने मोबाइल पालथा ठेवला.

गोळीबारात मान खाली घालायचीच असते. घरात पहिल्यांदा घातली.

दुसऱ्या दिवशी दुसरी बॅच. "या काका. कालच्यासारखंच, फक्त थोडं लाऊड."

पाय निघालेच होते. हुकमाची सवय. थांबवले.

"नाही मॅडम. रागावून दाखवणार नाही. चाळीस माणसं कशी सांभाळली ते विचारायचं असेल, तर खुर्ची द्या. बसून सांगतो."

कोणी हसलं नाही. खुर्चीही कोणी दिली नाही.

"काका, नोकरी करायचीय ना?" सुपरवायझर म्हणाला.

"करायचीय. तुमच्यासारखीच."

खोक्यांकडे परत गेलो. काढायचं तर काढू देत. नमुना म्हणून पुन्हा उभा राहणार नाही. संध्याकाळी तिसरा अर्ज दिला. त्यात ‘नम्र विनंती’ कुठेही लिहिलेली नाही.