आधी शेपटाला पाणी

घरात साडूचं कौतुक सुरू झालं की मला चहा अगोड लागतो. बायको निमूटपणे चमचाभर साखर टाकते. तिला कळलेलं असावं.

साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्याच गावाकडचा. माझ्यानंतर या शहरात आला, पहिल्यांदा माझ्याच खोलीत राहिला आणि मीच त्याला कंपनीत चिकटवलं. आज मोशीत आमच्या दोघांच्या सोसायट्या शेजारी-शेजारी आहेत, मधे फक्त एक भिंत. मी माझ्या सोसायटीचा सेक्रेटरी, तो त्याच्या. लिफ्ट बंद पडली की लोक माझ्याकडे येतात. त्याच्याकडे लोक काहीही झालं तरी जातात, माझ्या सोसायटीतलेसुद्धा. एकदा लग्नात एका अनोळखी गृहस्थांनी विचारलं, "ते पाणीवाले तुमचे साडू का हो?" मी म्हणालो, "लागतात काहीतरी नात्यात."

पाणीवाले हे नाव कसं पडलं, ते आज सगळं सांगून टाकतो.

त्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. टँकर आला की दोन्ही सोसायट्यांचे वॉचमन एकमेकांच्या अंगावर धावायचे. आमच्या बोअरला मात्र पाणी होतं. मागच्या ओढ्यापलीकडं चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणाऱ्या लोकांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. ओढ्याशी महापालिकेची हद्द संपते आणि नळही तिथंच संपतो. त्या खोल्यांतल्या बायका आमच्याकडं भांडी घासायच्या आणि जाताना गेटवर हंडा घेऊन उभ्या राहायच्या.

साडूनं एका रविवारी आमच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं. पालिकेचे इंजिनिअर आणि पलीकडचे सरपंच प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी-शेजारी बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्याचं म्हणणं साधं होतं. आमचा बोअर, त्याच्या सोसायटीची जमिनीखालची मोठी टाकी आणि खोल्यांच्या मालकाची पडीक विहीर, तिन्ही एका पाइपानं जोडायची आणि पाणी वाटून घ्यायचं.

खोल्यांचे मालक जुने गाववाले, म्हातारे. ते म्हणाले, "हीर हाय की. गाळानं भरलीया, एवढंच. काढा, पानी न्हाई लागलं तर मला म्हना."

"आणि पाळी कशी लावायची?" कुणीतरी विचारलं.

"पाटाला असते तशी," साडू म्हणाला. "ज्याच्याकडं सगळ्यात कमी, त्याला आधी. शेपटाकडून सुरुवात. साडूभाऊंना विचारा, त्यांना माहितीये."

माहीत होतंच. आमचं शेत पाटाच्या अगदी शेपटाला, शेवटच्या टोकाला. आधी शेपटाला पाणी, असा नियम होता. पण तोंडाकडचे म्हणायचे, आधी आमचं भागू दे. वडील खांद्यावर फावडं घेऊन बांधावर उभे राहायचे आणि मी त्यांच्या शेजारी.

तेवढ्यात आमच्याच सोसायटीतला एकजण ओरडला, "काय डोकं आहे राव या माणसाचं!" टाळ्या पडल्या. मी मागं वळून पाहिलं. बायकाही टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांत माझी सगळ्यात जोरात.

मी उठलो. म्हणालो, "बोअर आपल्या मेंटेनन्सवर चालतो. हद्दीबाहेरच्यांची जबाबदारी आपली कशी? आधी आपलं भागू दे."

होकारासाठी वर जाणारे हात खाली आले. आमची सोसायटी बाहेर पडली. निघताना साडू जवळ आला आणि म्हणाला, "तुम्ही बोललात म्हणून गप्प बसलो. दुसरा कुणी असता तर भांडलो असतो." त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्या दिवशी पाण्याचा विचार केलाच नव्हता. हीच योजना माझ्या डोक्यातून निघाली असती, तर मी स्वतः पाइप खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला असता.

त्यांनी आमच्याशिवाय काम केलं. खोल्यांतले लोक आणि साडूच्या सोसायटीतले लोक दर रविवारी विहिरीत उतरून गाळ काढायचे. मी गॅलरीतून बघायचो. बायको त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी घेऊन गेली आणि चिखलानं भरलेले पाय घेऊन परत आली.

"तुम्ही पण यायचं होतं."

"गुडघा दुखतोय," मी म्हणालो.

मग एका सकाळी आमच्या बोअरची मोटर नुसतीच घरघरली. पाइपातून हवा आली, मग तीही थांबली. जिन्यात लोक जमले. "सेक्रेटरी, आता काय हो?" साडूकडं जायला पाय उचलत नव्हता. तेवढ्यात मेहुणीचा फोन आला.

"दाजी, टाकीचं झाकण उघडून ठेवा. आज पहिली पाळी तुमची."

"आम्ही कुठं तुमच्यात आहोत?"

"नसाल. पण आता शेपटाला तुम्हीच की! खोल्यांतल्या बायकाच म्हणाल्या, आधी त्यांना सोडा."

भिंतीवरून पाइप आला. पलीकडून व्हॉल्व्ह फिरवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ साडूचा. "आलं का, साडूभाऊ?"

"आलं."

पाणी टाकीच्या तळावर आपटत होतं. भिंत मधे होती म्हणून बोलता आलं. "त्या दिवशी मी पाण्यासाठी नव्हतो बोललो."

मग तो म्हणाला, "माहितीये. वहिनींच्या टाळ्या मीही बघितल्या होत्या."

म्हणजे हेही त्याला आधीच कळलं होतं, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्याच पाण्याकडं बघत मी त्याच्यावर जळत होतो, पहिल्याइतकाच. ते काही गेलं नाही, अजूनही गेलेलं नाही.

टाकी अर्धीही भरली नव्हती. मी भिंतीवर थाप मारली.

"बंद कर. खोल्यांकडं सोड."

"भरू द्या की, साडूभाऊ. घाई कसली?"

"सोड म्हणतो ना," मी म्हणालो. "आमचं भागलं."