सातवी चिठ्ठी

मी चौथी शिकलेली. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात बावीस वर्षं कापलेल्या कापडाचे तुकडे जुळवले. भूतबीत मी मानत नाही. कुणाच्या अंगात आलं की मी तिला पाणी भरायला पाठवते. तरी हे लिहितेय, कारण दोन महिने झाले, डोक्यातून जात नाही...

आम्ही अंबरनाथला, बुवापाड्यात राहतो. नात शीतल एम.ए. करते. बायकांच्या एका ऑनलाइन ग्रुपवरच्या बोलण्याचा तिचा अभ्यास. तिनं नावं काढून सगळं छापलं, एकेकीचं बोलणं कात्रीनं कापलं आणि एका दुपारी फरशीवर ढीग मांडले – पाणी, नोकरी, सासर, तब्येत.

"हे काय गं?"

"विषयवार लावतेय, आजी. नाहीतर मग एकेकीचं सलग वाचायचं. कुठली पद्धत ते उद्या मॅडमना सांगायचंय."

"तुकड्यांना नंबर लावलेस?"

"नाही."

"मग तुझ्या पँटचा एक पाय निळा नि दुसरा काळा."

कारखान्यात एका ताग्याच्या तुकड्यांना एकच नंबर लावायचो. निळा सगळाच असतो, पण ताग्यागणिक शेड वेगळी.

"ही माणसं आहेत, कापड नाही," शीतल हसली.

"तेच म्हणतेय मी."

चष्मा लावून बसले. चारही ढिगांत एकच बाई दिसायला लागली. 'काम सुटलं. असो.' 'नळाला उभं राहवत नाही. असो.' 'झोप येत नाही. असो.' ढिगात प्रत्येक चिठ्ठी साधी कुरकुर वाटत होती. सात चिठ्ठ्या ओळीनं लावल्या आणि पहिल्यापासून वाचल्या. बाई हळूहळू संपत चालली होती. शेवटची होती – 'कोणी विचारलं तर सांगेन. असो.'

शीतलनं लॅपटॉपवर नावांसकटची मूळ फाइल तपासली. सहा चिठ्ठ्या बदलापूरच्या, बेलवलीतल्या एकाच बाईच्या. एकीलाही कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. सातवी फाइलमध्ये नव्हती. ग्रुपवरही नव्हती.

"आजी, तू घुसवलीस?"

"मला टायपिंग येतं का?"

कागद तोच, अक्षर तेच.

"तिला विचार," मी म्हटलं.

"अभ्यास करणाऱ्यानं असं मध्ये पडायचं नसतं गं."

"मग आधी माणूस हो. अभ्यास नंतर कर."

चिडली, पण लिहिलं – ताई, कशा आहात? बाकी एक अक्षर नाही. चिठ्ठीचं तर नाहीच.

तासाभरानं उत्तर आलं. भलं मोठं. सकाळपासून दार लावून बसले होते, म्हणाली. शीतलनं लगेच फोन लावला, ती बाई बहिणीकडे पोचेपर्यंत बोलत राहिली. आता बरी आहे.

त्या उत्तराच्या शेवटी होतं – 'मागे एकदा ग्रुपवर टाइप केलं होतं, कोणी विचारलं तर सांगेन. पाठवायच्या आत खोडलं.'

शीतलनं सलग वाचायची पद्धत घेतली. अभ्यासात चिठ्ठ्या सहाच धरल्या, त्याही त्या बाईला विचारून. सातवी कुठली म्हणून दाखवणार? ती माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहे. मधूनमधून काढून बघते. बाईनं बेलवलीत खोडलेलं आमच्या फरशीवर छापून कसं आलं, मला अजून कळलेलं नाही.