पान अकरावरचा पराभव

महालातल्या त्या कॉलेजात प्राचार्य तीन झाले, नियामक मंडळं पाच झाली, राजधानीसुद्धा नागपुरातून उठून भोपाळला गेली. पण वार्षिक अहवाल मात्र एकवीस वर्षं एकाच माणसानं लिहिला. तो माणूस म्हणजे हेडक्लार्क दत्तोपंत. शिपायापासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे त्यांना बडेबाबू म्हणत. त्यांच्या अहवालाला आजवर एकदाही शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकत.

शुद्धिपत्र न लागण्याचं कारण सोपं होतं. अहवाल कोणी वाचतच नसे. स्नेहसंमेलनात प्राचार्य तो मोठ्यानं वाचून दाखवत. तेवढ्या वेळात पाहुणे गळ्यातला हार काढावा की राहू द्यावा याचा विचार करत, आणि मुलं पुढच्या नाटकाच्या पडद्याकडे डोळे लावून बसत.

अडचण होती ती एका कुस्तीच्या परिच्छेदाची. विद्यापीठाची कुस्ती स्पर्धा आणि कॉलेजचं स्नेहसंमेलन एकाच आठवड्यात येई, आणि गुलाबचंदच्या छापखान्याला अक्षरांचे खिळे जुळवून पाचशे प्रती काढायला दहा दिवस लागत. म्हणजे कुस्त्या व्हायच्या आधीच त्यांचा निकाल लिहिणं भाग होतं. दत्तोपंतांना यात काही वावगं वाटत नसे. पान अकरावर ते दरवर्षी लिहीत: "सांघिक कामगिरीत आमच्या मल्लांनी चुरशीची लढत दिली, ढाल थोडक्यात हुकली. वैयक्तिक कामगिरीत श्री. अमुक यांस अंतिम फेरीत निसटता पराभव पत्करावा लागला." दर साली फक्त अमुक बदलायचा.

खरं तर तो अमुक पहिल्याच फेरीत अर्ध्या मिनिटात आभाळ बघत पडलेला असे. पण आपण अंतिम फेरीपर्यंत पोचलो होतो असं छापून आल्यावर तक्रार कोण करणार? उलट मुलं त्या पानाच्या दोन-दोन प्रती घरी नेत. मधुकरराव वकील हे असेच जुने अमुक. आता ते महापालिकेचे सभासद आणि कॉलेजच्या क्रीडा समितीचे अध्यक्ष होते, आणि दर स्नेहसंमेलनात आपली ती निसटती अंतिम कुस्ती हात लांब करून करून सांगत. दरवर्षी ती दोन मिनिटांनी लांबत चालली होती.

सत्तावन्न साली अमुकच्या जागी नाव पडलं केशव हेडाऊ याचं. केशव उमरेडच्या कोष्टी घरातला. बाप मागावर लुगडी विणायचा. हा पहाटे महालातल्या तालमीत माती खायचा आणि दिवसा वर्गात पेंगायचा. गट सव्वाशे पौंडांचा, आवाज त्याहून हलका.

स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी दुपारी नानाजी शिपाई धापा टाकत ऑफिसात आला. "बडेबाबू, आपला केशव फायनलले गेला जी."

दत्तोपंतांचा ऊर भरून आला. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच घडणारी गोष्ट त्यांच्या लेखणीच्या इतकी जवळ आली होती. "बघ नानाजी," ते म्हणाले, "आपला अहवाल खरा होऊन राहिला."

"पण लोक म्हनते, जिंकते बी तो."

दत्तोपंतांचा चष्मा नाकावरून खाली आला. पाचशे प्रती शिवून तयार होत्या आणि संमेलन दुसऱ्याच दिवशी होतं. त्यांनी कोट चढवला, सायकलरिक्षा बोलावली आणि जन्मात पहिल्यांदा कुस्ती पाहायला निघाले.

आखाड्याजवळ संघाची अवस्था बघण्यासारखी होती. पाच गड्यांपैकी एक आदल्या दिवशीच्या लग्नात जेवून आल्यामुळे वजनाच्या काट्यावरच बाद झाला होता. बाकी तिघे मिळून चार मिनिटं टिकले होते. सांघिक यादीत कॉलेज तळाला होतं. क्रीडा समितीचे सात सभासद मात्र नवे फेटे बांधून फोटोग्राफरची वाट बघत होते.

केशव एका कोपऱ्यात अंगाला माती चोळत बसला होता. त्यानं उठून नमस्कार केला. "बडेबाबू, तुम्ही काहून आले जी?"

"सहज," दत्तोपंत म्हणाले, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. "मी काय म्हणतो केशव, दुसरा नंबर काही वाईट नसतो. त्यातही शोभा असते."

"दुसऱ्या नंबरानं काय होते जी? कसरतमास्तराच्या ट्रेनिंगले एकच जागा हाय, ते पयल्या नंबरवाल्याले देऊन राहिले. नाही भेटली तं मले बाबाजवळ मागावर बसा लागन. बाबाचेच पाय आता मागावर चालत नाहीत, आन् तो म्हनते, तू तरी यातून बाहेर निघ."

दत्तोपंत बाकावर जाऊन बसले.

समोर अकोल्याचा गडी होता, मान खांद्यात रुतलेली. त्यानं आल्या आल्या केशवला खाली घेतलं आणि पाच मिनिटं पाठीवर बसून राहिला. दत्तोपंतांना डाव कळत नव्हते. त्यांना फक्त एवढं दिसत होतं की खालचं पोर तोंडात माती जात असतानाही हात आखडून, छाती टेकून घट्ट धरून आहे आणि पाठ काही लागू देत नाही. अहवाल खरा होण्याची हीच वेळ होती. आणि नेमके त्याच वेळी दत्तोपंत ओरडले, "ऊठ केशव, ऊठ!" केशव उठला. कसा उठला ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पण दुसऱ्या क्षणी अकोल्याचा गडी त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेला आणि चीत झालेल्या त्या गड्याच्या दोन्ही खांद्यांना लाल माती लागली. दत्तोपंत बाकावर उभे होते, टोपी कुठे पडली होती कोण जाणे, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अर्ध्या रस्त्यात, रिक्षात, त्यांना पान अकरा आठवलं.

सकाळी ते प्राचार्य मनोहररावांकडे गेले. मनोहररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो पंत, अहवाल नियामक मंडळानं मंजूर केलाय. एकमतानं. मंडळानं मंजूर केलेला पराभव मी एकट्यानं कसा बदलू? आणि ते निसटता वगैरे फार सुंदर लिहिलंय तुम्ही. पाहुण्यांना आवडेल."

पाहुण्यांना खरंच आवडलं. संध्याकाळी प्राचार्यांनी केशव हेडाऊ याचा निसटता पराभव भरल्या गळ्यानं वाचला आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. केशव तिसऱ्या रांगेत जिंकलेला कप मांडीवर घेऊन बसला होता. शेजारच्या प्राध्यापकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "मनाला लावून घेऊ नकोस. पुढल्या वर्षी जिंकशील."

आठवड्यानं केशव ट्रेनिंगचा फॉर्म घेऊन ऑफिसात आला. फॉर्मला छापील अहवालाचं पान जोडायचं होतं. त्यानं पान अकरा उघडून टेबलावर ठेवलं. रागावला असता तर दत्तोपंतांना सोपं गेलं असतं.

शुद्धिपत्र काढायचं तर क्रीडा समितीच्या अध्यक्षांची संमती हवी होती. दत्तोपंत मधुकररावांकडे गेले. शुद्धिपत्र हा शब्द ऐकताच मधुकररावांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला.

"दत्तोपंत, एकदा का पान अकरा दुरुस्त करायला घेतलं, तर मग... कुठपर्यंत जायचं?"

"कुठपर्यंत म्हणजे?"

"म्हणजे मागचे अहवाल. लोक उगीच जुनी पानं उघडून बसतील." वकीलसाहेबांनी आवाज खाली आणला. "त्यापेक्षा छापखान्याची चूक म्हणा ना. गुलाबचंद काही बोलणार नाही."

दत्तोपंतांना तेव्हा समोरचे मधुकरराव नीट दिसले. एकोणीस वर्षांपूर्वी अर्ध्या मिनिटात पडलेला तो पोरगा पंचावन्न इंच कमरेच्या आत अजून तसाच भेदरून बसला होता. त्याला अंतिम फेरीत बसवलं ते आपणच. बक्षीस दिलं असं तेव्हा वाटलं होतं. दिलं होतं ते जन्मभराचं ओझं. गरीब बिचारा माणूस, दत्तोपंतांना मनापासून वाटलं.

"छापखान्याचा खिळा चुकला तर एखादं अक्षर बदलतं मधुकरराव," ते म्हणाले. "अख्खी कुस्ती उलटत नाही. मागच्याचं मी काही काढत नाही. पण याचं मला लिहावंच लागेल."

मधुकररावांनी सही केली, आणि ती करताना दोनदा विचारलं, फक्त यंदाचंच ना.

गुलाबचंदनं पाचशे चिठ्ठ्या छापल्या. दत्तोपंतांनी त्या ऑफिसात बसून एकेक करून स्वतः चिकटवल्या. नानाजी मदतीला आला तर त्याला हात लावू दिला नाही. पहिली चिठ्ठी केशवच्या फॉर्मला जोडली. केशवनं ती उभ्या उभ्या वाचली.

"शुद्धिपत्र. पान ११. सांघिक कामगिरी: पाच संघांत पाचवा क्रमांक. वैयक्तिक कामगिरी: श्री. केशव हेडाऊ, सव्वाशे पौंड गट, अंतिम फेरीत विजयी. मूळ मजकूर कुस्ती होण्यापूर्वी लिहिला होता. चूक मुद्रकाची नाही. दत्तोपंत, हेडक्लार्क."

"तुमचं नाव काहून टाकलं जी, बडेबाबू?" केशव म्हणाला. "लोक तुम्हाले नावं ठेवतीन."

"ठेवू दे," दत्तोपंत म्हणाले. "एकवीस वर्षांत पाहून लिहिलेलं एवढंच आहे माझं. त्याच्याखाली सही नको?"